प्रसूतीत बाळाला झालेली इजा वैद्यकीय हलगर्जीपणा केव्हा ठरते?

प्रश्न, थोडक्यात: खानापूर तालुक्याच्या पश्चिम भागातील एका आजोबांनी विचारले आहे. त्यांच्या सुनेचे पहिले बाळंतपण बेळगावातील एका खासगी प्रसूतिगृहात झाले. पहाटे दाखल केले, सकाळी कळांचे सलाईन लावले, मोठ्या डॉक्टरीणबाई दुपारी आल्या, सिस्टरने पोट दाबले आणि शेवटी व्हॅक्यूम लावून बाळ काढले. बाळ जन्मताच रडले नाही. दुसऱ्या दिवशी झटके आले म्हणून कोल्हापूरला हलवले. आता नातू आठ महिन्यांचा आहे, उजवा हात खांद्यातून उचलत नाही आणि मानही धरत नाही. हाती फक्त डिस्चार्ज कार्ड आहे. संमतीपत्र कन्नडमध्ये होते आणि त्यावर मुलाने सही केली. पाहुणेमंडळी पोलिसांत जा म्हणतात, तर प्रसूतिगृहाचे व्यवस्थापक थोडी रक्कम घेऊन बाँडवर सही करा म्हणतात. हा हलगर्जीपणा ठरतो का?

उत्तर:

बाळ मान धरत नाही किंवा हात उचलत नाही, एवढ्यावरून हलगर्जीपणा झाला असे कायदा मानत नाही; तसेच ‘असे कुठेही घडते, नशिबाचा भाग आहे’ एवढे म्हणून प्रसूतिगृहाची सुटकाही होत नाही. आपण लिहिलेल्या हकिकतीत मला शंका घेण्याजोग्या तीन गोष्टी दिसतात: कळांचे सलाईन सुरू असताना डॉक्टर बराच वेळ जागेवर नसणे, पोट दाबणे, आणि न रडलेल्या बाळाला झटके येईपर्यंत तिथेच ठेवणे. या गोष्टी पुराव्याने सिद्ध होतात का, हा एक प्रश्न आहे. त्या सिद्ध झाल्या तरी नातवाची आजची अवस्था त्यांच्यामुळेच झाली का, हा दुसरा. बेळगावच्या ग्राहक आयोगात या प्रकारची प्रकरणे चालवताना माझा अनुभव असा आहे की, तक्रारदार पहिल्या प्रश्नावर सगळी शक्ती खर्च करतात आणि हरतात ते दुसऱ्यावर.

डॉक्टरचे कर्तव्य काय, याची मांडणी सर्वोच्च न्यायालयाने १९६८ साली पुण्याच्या लक्ष्मण बाळकृष्ण जोशी विरुद्ध त्रिंबक बापू गोडबोले या खटल्यात केली होती आणि ती आजही आधाराला घेतली जाते. रुग्ण स्वीकारावा की नाही हे ठरवताना, कोणते उपचार द्यायचे हे ठरवताना आणि प्रत्यक्ष उपचार करताना, अशा तिन्ही टप्प्यांवर वाजवी काळजी घेतली पाहिजे, असे न्यायालयाने सांगितले. पुढे २००५ मध्ये जेकब मॅथ्यू खटल्यात हे स्पष्ट झाले की, डॉक्टरची तुलना देशातील सर्वोत्तम तज्ज्ञाशी करायची नसते. त्याच पात्रतेच्या, साधारण कुशल अशा डॉक्टरने त्या परिस्थितीत जे केले असते ते केले का, एवढेच पाहायचे असते. दोन मान्य मार्गांपैकी डॉक्टरने एक निवडला आणि परिणाम वाईट झाला, तर तो निर्णयातला दोष कदाचित असेल, पण हलगर्जीपणा नव्हे. सिझर आधी करायला हवे होते, हे प्रसूतीनंतर सर्वांनाच कळते. प्रश्न असा असतो की, त्या दिवशी लेबर रूममध्ये असलेल्यांना कोणत्या वेळी काय दिसत होते, किंवा नीट पाहिले असते तर काय दिसले असते, आणि त्यावर त्यांनी किती वेळात काय केले.

अपेक्षेची पातळी जागेनुसार बदलते. जांबोटी-कणकुंबीकडच्या प्राथमिक आरोग्य केंद्रातून कोणी सिझरची अपेक्षा करणार नाही, पण तिथल्या परिचारिकेला आपली मर्यादा ओळखून वेळेत १०८ ला फोन करता आला पाहिजे. शहरात प्रसूतिगृह चालवणाऱ्याला मात्र भूलतज्ज्ञ, रक्त आणि बालरोगतज्ज्ञ किती मिनिटांत मिळतील याची व्यवस्था आधीच करून ठेवावी लागते. ती नसेल तर जोखमीची प्रसूती हाती घेणे हाच पहिल्या टप्प्यावरचा कसूर ठरू शकतो.

आता हाताविषयी. खांद्यातून हात न उचलणे, कोपर सरळ राहणे आणि तळवा मागे वळलेला असणे, ही बहुधा मानेतून हाताकडे जाणाऱ्या मज्जातंतूंना ताण बसल्याची लक्षणे असतात. डोके बाहेर आल्यानंतर खांदा आईच्या जघनास्थीमागे अडकला आणि बाळाला ओढावे लागले की हे घडते. खांदा अडकेल हे आधी खात्रीने सांगता येत नाही. मोठे बाळ, आईचा मधुमेह, व्हॅक्यूम किंवा चिमट्याची प्रसूती यांनी शक्यता वाढते एवढेच. त्यामुळे अशी इजा झाली म्हणजे चूक झालीच, असे म्हणणे आयोगात टिकत नाही. टिकते ते खांदा अडकल्यानंतर काय केले यावर बोट ठेवणे. मान्य पद्धत अशी आहे की मदतीला माणसे बोलवावीत, आईच्या मांड्या पोटाकडे घट्ट दुमडाव्यात, जघनास्थीच्या वर, म्हणजे ओटीपोटाच्या खालच्या भागात दाब द्यावा आणि तेवढ्याने न सुटल्यास आत हात घालून बाळाला फिरवावे किंवा त्याचा मागचा हात आधी काढावा. गर्भाशयाच्या वरच्या टोकावर, म्हणजे बरगड्यांखाली दाबणे हे याच्या नेमके उलटे आहे, कारण त्याने अडकलेला खांदा आणखी रुतून बसतो. प्रसूती लवकर व्हावी म्हणून असे पोट दाबू नये, असे जागतिक आरोग्य संघटनेने २०१८ च्या प्रसूतिविषयक शिफारशींत स्पष्ट म्हटले आहे. म्हणून सिस्टरने पोट नेमके कुठे दाबले, खांदा अडकल्यानंतर की त्याआधीच, आणि त्या वेळी खोलीत कोण होते, हे आपल्या सुनेने स्वतःच्या शब्दांत आजच लिहून ठेवावे. साक्षीला ती उभी राहील तेव्हा ही आठवण अंधूक झालेली असते आणि समोरचे वकील नेमक्या त्याच जागी बोट ठेवतात.

याच ठिकाणी कायद्याबाहेरची एक गोष्ट सांगतो, कारण तिला वेळेची मर्यादा आहे. अशा बहुतेक बाळांचा हात पहिल्या काही महिन्यांत आपोआप सुधारतो, पण ज्यांचा सुधारत नाही त्यांना तीन महिन्यांच्या सुमारास मज्जातंतूंच्या शस्त्रक्रियेच्या तज्ज्ञाला दाखवावे लागते आणि शस्त्रक्रिया लागलीच तर ती साधारण पहिल्या वर्षाच्या आत केलेली बरी असते. आपला नातू आठ महिन्यांचा आहे. माझ्याकडे येण्याआधी त्याला अशा तज्ज्ञाकडे न्या. उपचार वेळेत केले नाहीत म्हणून नुकसान वाढले, असा बचाव नंतर प्रसूतिगृहाकडून येतोच, पण त्याची फिकीर दुय्यम आहे.

मेंदूची इजा हा याहून कठीण भाग आहे. जन्मताना प्राणवायू कमी पडल्याने बाळाच्या मेंदूला इजा होते हे खरे. मात्र मेंदूच्या पक्षाघाताची (सेरेब्रल पाल्सी) बहुसंख्य प्रकरणे प्रसूतीच्या त्या काही तासांमुळे झालेली नसतात, हेही तितकेच खरे आहे. अपुऱ्या दिवसांचा जन्म, गर्भात वाढ खुंटणे, संसर्ग, मेंदूच्या रचनेतील जन्मजात दोष, आनुवंशिक विकार, जन्मानंतर उतरलेली साखर किंवा वेळेत न ओळखलेली तीव्र कावीळ अशी अनेक कारणे असू शकतात. आपल्या भागात मामाच्या किंवा आत्याच्या मुलीशी लग्न करण्याची रीत असल्याने, प्रसूतिगृहाच्या कैफियतीत ‘आईवडील नात्यातले आहेत, दोष आनुवंशिक आहे’ हे वाक्य जवळपास छापील असल्यासारखे येते. त्याला उत्तर रागाने देता येत नाही. ते बाळाच्या एमआरआयने, बालमेंदूविकारतज्ज्ञाच्या अहवालाने आणि गरज पडल्यास जनुकीय तपासणीने द्यावे लागते.

इजा प्रसूतीच्या वेळचीच आहे, हे दाखवणारे धागे कोणते? पहिला धागा बाळाच्या ठोक्यांचा. सर्वसाधारण वेग मिनिटाला ११० ते १६० असतो. सुरळीत प्रसूतीतही पहिल्या टप्प्यात दर १५ ते ३० मिनिटांनी आणि बाळ बाहेर ढकलण्याच्या टप्प्यात दर ५ मिनिटांनी ठोके ऐकून लिहिणे अपेक्षित असते. कळांचे सलाईन लावले असेल तर ही देखरेख अधिक काटेकोर हवी, कारण त्या औषधाने कळा फार जवळजवळ आल्या, दहा मिनिटांत पाचांहून अधिक, तर दोन कळांच्या मधल्या विसाव्यात बाळाला मिळणारे रक्त अपुरे पडू लागते. अशा वेळी सलाईन कमी करायचे किंवा थांबवायचे असते. सलाईन किती वाजता लावले, दर मिनिटाला किती थेंब होते, ते कोणी कधी वाढवले आणि त्या काळात ठोके किती होते, या चार नोंदी एका रेषेत मांडल्या की पुष्कळदा प्रकरणाचा निकाल काय लागेल हे कळून येते. काही ठिकाणी सलाईनऐवजी प्रसूतीपूर्वीच कळांचे इंजेक्शन दंडात किंवा कमरेत देतात. बाळ जन्माला येण्याआधी कळा वाढवण्यासाठी ते तसे देणे कोणत्याही मान्य पद्धतीत बसत नाही, कारण एकदा दिलेले औषध परत काढून घेता येत नाही.

दुसरा धागा, धोक्याची खूण दिसल्यापासून बाळ बाहेर येईपर्यंतचा वेळ. तातडीच्या सिझरसाठी ३० मिनिटांचा दंडक सांगितला जातो. तो मार्गदर्शक आहे, कायदा नव्हे, आणि ३५ मिनिटे लागली म्हणून कोणी दोषी ठरत नाही. पण ठोके ८० वर घसरल्याची नोंद अकराची, गर्भजलात बाळाची शी आल्याची नोंद त्यानंतरची आणि डॉक्टरांची पहिली नोंद दुपारी दोनची असेल, तर त्या तीन तासांचा हिशेब प्रसूतिगृहालाच द्यावा लागतो. व्हॅक्यूमच्या बाबतीतही किती वेळा ओढले, कप किती वेळा सुटला आणि त्या वेळी डोके किती खाली आलेले होते, हे लिहिलेले असले पाहिजे. साधारण तीन ओढीत बाळ पुढे सरकत नसेल तर तो प्रयत्न सोडून द्यावा, अशी शिस्त प्रसूतितज्ज्ञ पाळतात.

तिसरा धागा जन्मानंतरचा. एक, पाच आणि दहा मिनिटांचा अपगार गुणांक, म्हणजे बाळाचा श्वास, ठोके, रंग आणि हालचाल पाहून दिलेले दहापैकी गुण, पाहा. पाचव्या मिनिटाला तो सात किंवा अधिक असेल, तर प्रसूतीतील प्राणवायूची कमतरता हे मुख्य कारण असण्याची शक्यता फार कमी होते आणि खरे सांगायचे तर अशा प्रकरणात मी तक्रार करण्याचा सल्ला सहसा देत नाही. तो पाचाहून कमी असेल, नाळेच्या रक्तात आम्लता वाढलेली असेल, झटके पहिल्या चोवीस तासांच्या आसपास सुरू झाले असतील, सोबत मूत्रपिंड किंवा यकृतावरही ताण आल्याचे रक्ततपासण्यांत दिसत असेल आणि एमआरआयमध्ये त्याला जुळणारी इजा असेल, तर साखळी पूर्ण होत जाते. आपण ‘दुसऱ्या दिवशी झटके आले’ असे लिहिले आहे. कायद्याच्या दृष्टीने ते अपुरे आहे. जन्मानंतर किती तासांनी आले, हे हवे. याबाबत कोल्हापूरच्या रुग्णालयातील पहिल्या पानाला फार मोल आहे, कारण बाळ कोणत्या अवस्थेत आणि किती वाजता पोहोचले, हे तिथल्या डॉक्टरांनी वादाची कल्पना नसताना लिहिलेले असते. बेळगाव ते कोल्हापूर हे सुमारे ११० किलोमीटरचे अंतर कोणत्या गाडीने, प्राणवायू आणि सोबत परिचारिका देऊन कापले की भाड्याच्या गाडीत आजीच्या मांडीवर, हेही लिहून ठेवा.

इंटरनेटवर वाचून पुष्कळ पालक विचारतात की बाळाला सहा तासांच्या आत थंड करण्याचे उपचार दिले नाहीत, हा हलगर्जीपणा नाही का? पाश्चात्त्य देशांत ते उपचार रुळलेले आहेत. मात्र भारत, श्रीलंका आणि बांगलादेशातील रुग्णालयांत झालेल्या, २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या हेलिक्स या अभ्यासात त्यांचा लाभ दिसला नाही, उलट थंड केलेल्या बाळांत मृत्यूचे प्रमाण अधिक आढळले. त्यामुळे निव्वळ या मुद्द्यावर आपल्याकडे प्रकरण उभे राहत नाही. झटके आलेल्या किंवा न रडलेल्या बाळाला नवजात शिशू कक्ष असलेल्या ठिकाणी वेळेत हलवले नाही, हा आक्षेप मात्र स्वतंत्र आहे आणि तो आपल्या प्रकरणात घेण्यासारखा वाटतो.

कन्नड संमतीपत्राचा मुद्दा आपण समजता तितका मोठा नाही, पण टाकाऊही नाही. समीरा कोहली खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने २००८ मध्ये सांगितले की संमती रुग्णाची स्वतःची आणि माहिती समजून घेऊन दिलेली असावी. आपली सून सज्ञान आणि शुद्धीत होती, तर सही तिची हवी होती. नवऱ्याची सही तिच्या संमतीची जागा घेत नाही. कन्नड वाचता न येणाऱ्या मराठी बाईला तिच्या भाषेत समजावून सांगितले, अशी नोंद कागदावर आहे का ते पाहावे. तरीही सदोष संमतीमुळे हात लुळा पडला, असे कोणी सिद्ध करू शकत नाही. हा मुद्दा मुख्य आक्षेपाच्या सोबतीने मांडावा, एकटा नव्हे.

आता कागदांकडे वळतो, कारण आपल्या हाती आज फक्त डिस्चार्ज कार्ड आहे आणि तेवढ्यावर कोणताही तज्ज्ञ मत देणार नाही. भारतीय वैद्यक परिषदेच्या २००२ च्या नियमांनुसार रुग्णाने किंवा त्याच्या अधिकृत प्रतिनिधीने मागणी केल्यावर ७२ तासांच्या आत कागदपत्रे द्यावी लागतात आणि आंतररुग्णाची कागदपत्रे उपचार सुरू झाल्यापासून तीन वर्षे जपून ठेवावी लागतात. अर्ज सुनेच्या सहीने करा, रजिस्टर पोस्टाने पाठवा आणि पोहोचपावती सांभाळा. ‘सर्व कागद द्या’ असे मोघम लिहू नका. दाखल करतानाचा केसपेपर, प्रसूतीचा आलेख, ठोक्यांच्या नोंदी, सीटीजीची (बाळाचे ठोके आणि कळा कागदावर उमटवणाऱ्या यंत्राची) पट्टी, औषधांचा तक्ता, परिचारिकांच्या नोंदी, संमतीपत्र, बाळाची जन्मवेळची नोंद आणि कोल्हापूरला पाठवतानाचे पत्र, असे नाव घेऊन मागा. सीटीजीची पट्टी उष्णतेने उमटणाऱ्या कागदावर असते आणि काही महिन्यांत पुसट होते, म्हणून मिळताक्षणी तिचे स्वच्छ छायाचित्र काढा. गरोदरपणातील तायी कार्ड (कर्नाटकातील माता-बाल आरोग्याचे कार्ड) घरीच असेल. त्यावर साखरेची तपासणी, वजनवाढ आणि सोनोग्राफीच्या नोंदी आहेत का ते पाहा. अर्ज करूनही कागद मिळाले नाहीत किंवा ‘हरवले’ असे उत्तर आले, तर आयोग त्यावरून प्रसूतिगृहाविरुद्ध अनुमान काढू शकतो. नोंदी एकाच शाईत, एका दमात लिहिल्यासारख्या दिसल्या तर तेही लक्षात आणून द्यावे. मात्र खाडाखोड दिसली की लगेच बनावटपणाचा आरोप करू नये, गडबडीच्या रात्री खऱ्या नोंदींतही खाडाखोड होते.

सगळे कागद वेळेनुसार लावून मग प्रसूतितज्ज्ञाचे लेखी मत घ्या. बेळगावात एकमेकांच्या ओळखीचे डॉक्टर एकमेकांविरुद्ध लिहायला तयार होत नाहीत, ही अडचण मी नाकारत नाही. म्हणून पुणे, मुंबई, बंगळूर किंवा आणखी दूरच्या अध्यापन रुग्णालयातील निवृत्त प्राध्यापकाकडे जावे लागते. प्रत्येक प्रकरणात तज्ज्ञाचे मत सक्तीचे नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने २०१० मध्ये व्ही. किशन राव खटल्यात सांगितले आहे, आणि पोटात टॉवेल राहिला असेल तर तज्ज्ञ कशाला हवा? पण मेंदूच्या इजेचे कारण कोणते, हा प्रश्न त्या जातीचा नाही. तज्ज्ञाशिवाय या प्रकरणात उभे राहणे म्हणजे छत्रीविना आषाढात आंबोलीचा घाट चढणे.

दाद मागण्याचा सोयीचा मार्ग म्हणजे ग्राहक संरक्षण कायदा, २०१९. वैद्यकीय सेवा या कायद्यात येते, हे १९९५ च्या व्ही. पी. शांता निकालापासून पक्के आहे. जिल्हा आयोगाची मर्यादा भरपाईच्या मागणीवर नव्हे तर आपण दिलेल्या मोबदल्यावर ठरते आणि २०२१ च्या नियमांनुसार ती ५० लाख रुपये आहे. म्हणजे प्रसूतीचे बिल साठ-सत्तर हजार असेल तर एक कोटीची भरपाईही जिल्हा आयोगातच मागता येते. मोबदला ५ लाखांच्या आत असेल तर तक्रारीला शुल्कही नाही. नव्या कायद्यात तक्रारदार जिथे राहतो तिथे तक्रार करता येते. सीमाभागातल्या लोकांसाठी ही तरतूद फार उपयोगाची आहे, कारण चंदगड-गडहिंग्लजचे लोक बाळंतपणाला बेळगावला येतात आणि निपाणी-चिकोडीचे कोल्हापूर-मिरजेला जातात. चंदगडच्या कुटुंबाला बेळगावच्या रुग्णालयाविरुद्ध कोल्हापुरात तक्रार करता येते. आपण खानापूरचे, त्यामुळे आपली तक्रार बेळगावच्या आयोगात येईल आणि कामकाज कन्नड किंवा इंग्रजीत चालेल. मराठी कागदांना भाषांतर जोडावे लागेल. एक खबरदारी घ्या: सुनेचे शपथपत्र इंग्रजीत असेल तर ते तिला मराठीत वाचून दाखवल्याची नोंद त्यावर असू द्या, नाहीतर उलटतपासणीत ‘यात काय लिहिले आहे ते मला माहीत नाही’ असे ती प्रामाणिकपणे म्हणेल आणि चांगले प्रकरण तिथेच ढासळेल.

मुदत दोन वर्षांची आहे. विलंब माफ होऊ शकतो, पण त्यावर विसंबू नये. १९९३ च्या शस्त्रक्रियेबद्दल २००४ मध्ये केलेली तक्रार सर्वोच्च न्यायालयाने २०१० मध्ये व्ही. एन. श्रीखंडे खटल्यात मुदतबाह्य ठरवली. दिवाणी दाव्यात अज्ञान मुलाला सज्ञान झाल्यावरही मुदत मिळते, हे खरे आहे. पण अठरा वर्षांनी ना कागद हाती असतील ना साक्षीदार.

भरपाई किती, याचे ठरलेले कोष्टक नाही. स्प्रिंग मेडोज खटल्यात १९९८ मध्ये न्यायालयाने बाळ आणि पालक दोघांनाही ग्राहक मानून दोघांना स्वतंत्र भरपाई मंजूर केली. अपुऱ्या दिवसांच्या बाळाच्या डोळ्यांची तपासणी न केल्याने दृष्टी गेली, त्या व्ही. कृष्णकुमार प्रकरणात २०१५ मध्ये रक्कम सुमारे १.८ कोटी रुपये झाली, आणि तिथे प्रतिवादी तमिळनाडू सरकार होते. न्यायालयाने त्यात पुढील आयुष्यभराच्या उपचारांचा खर्च महागाई धरून मोजला. म्हणून फिजिओथेरपीची पावती, कोल्हापूरच्या फेऱ्यांचे भाडे, सुनेला सोडावी लागलेली नोकरी, सगळ्याची आजपासून नोंद ठेवा.

आपले प्रकरण खासगी प्रसूतिगृहाचे आहे. पण सरकारी दवाखान्यात प्रसूती झालेलेही हे वाचत असतील, म्हणून सांगतो. जिथे सर्वांना सेवा पूर्णपणे मोफत आहे, तिथे ग्राहक आयोगाचा मार्ग सहसा बंद असतो. मात्र दिवाणी न्यायालय आणि कर्नाटक उच्च न्यायालयाच्या धारवाड खंडपीठात रिट अर्ज हे मार्ग खुले राहतात. औरंगाबादच्या सरकारी रुग्णालयात १९६३ मध्ये प्रसूतीनंतरच्या शस्त्रक्रियेत पोटात टॉवेल राहून एका बाईचा मृत्यू झाला. अच्युतराव खोडवा यांच्या त्या दाव्यात सर्वोच्च न्यायालयाने राज्य सरकारला जबाबदार धरले, पण त्याला १९९६ साल उजाडले.

पोलिसांत जाण्याबद्दल माझे मत स्पष्टपणे प्रतिकूल आहे. फौजदारी गुन्ह्यासाठी साधा नव्हे, घोर हलगर्जीपणा दाखवावा लागतो आणि जेकब मॅथ्यू निकालानुसार पोलिसांनी आधी दुसऱ्या डॉक्टरचे, शक्यतो सरकारी डॉक्टरचे, निष्पक्ष मत घेतले पाहिजे. ते मत प्रतिकूल आले की तेच पत्र ग्राहक आयोगात आपल्याविरुद्ध वापरले जाते. अपात्र व्यक्तीने प्रसूती केली असेल किंवा कागद बनावट केले असतील, तर गोष्ट वेगळी. पाहुण्यांनी प्रसूतिगृहात जाऊन आरडाओरडा करण्याचा विचार तर मनातही आणू देऊ नका. कर्नाटकात २००९ पासून वैद्यकीय कर्मचाऱ्यांवरील हल्ल्यांसाठी वेगळा कायदा आहे आणि तो गुन्हा अजामीनपात्र आहे. डॉक्टरांच्या वर्तनाबद्दल कर्नाटक वैद्यक परिषदेकडे आणि प्रसूतिगृहाबद्दल जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखालील नोंदणी व तक्रार निवारण प्राधिकरणाकडे अर्ज करता येतो. तिथे भरपाई मिळत नाही, पण चौकशीतून कागद बाहेर येतात.

राहिला बाँड. त्यावर सही करू नका, निदान नातवाच्या इजेचे स्वरूप निश्चित होईपर्यंत तरी नाही. आठव्या महिन्यात कोणताही डॉक्टर हे मूल पुढे चालेल का, बोलेल का, हे ठामपणे सांगू शकत नाही, मग त्या नुकसानीची रक्कम आज कोण ठरवणार? गंभीर इजेची वैद्यकीय हलगर्जीपणाची प्रकरणे ग्राहक आयोगाने मध्यस्थीकडे पाठवू नयेत, असे २०२० चे मध्यस्थी नियम सांगतात. तडजोड करायचीच झाली तर ती तक्रार दाखल झाल्यावर आयोगासमोर, त्याच्या नोंदीने करावी, आणि मुलाच्या वाट्याची रक्कम त्याच्या नावे राष्ट्रीयीकृत बँकेत मुदत ठेवीत ठेवण्याचा आदेश मागावा. व्यवस्थापक पुन्हा आले तर त्यांना प्रस्ताव लेखी द्यायला सांगा आणि कागदपत्रांच्या अर्जाची एक प्रत त्यांच्या हातीही द्या.